ऑर्मरॉड चहाला बसला

ब्रॅकनशॉच्या पोलीस चौकीत वाईट बातमी आली की ती नेविल ऑर्मरॉडच्या गळ्यात पडायची. त्यात नवल काही नव्हतं. सार्जंट बूथचा आवाज असा, की त्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या तरी माणसाला दम दिल्यासारखं वाटावं. बाकीचे दोघे कॉन्स्टेबल रडणारी बाई दिसली की दाराकडे बघू लागत. राहिला ऑर्मरॉड. थोराड, संथ, चाळिशीला टेकलेला आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरला तरी तिथलाच वाटणारा माणूस. "तुला चहा जमतो," असं सार्जंट म्हणायचा, आणि याहून मोठी शाबासकी त्या चौकीत कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

चहा जमणं म्हणजे काय, तर अशी बातमी दारात उभं राहून सांगायची नाही. टोपी काढायची, आत जायचं, माणसाला बसवायचं आणि किटली गॅसवर ठेवायची. पाणी तापेपर्यंत कुणी फार बोलत नाही. तेवढ्या वेळात समोरच्याला अर्धं आपोआप कळतं. मग कप हातात द्यायचा, साखर नेहमीपेक्षा जास्त, आणि उरलेलं अर्धं सांगायचं. हातात गरम कप असला की माणूस सहसा कोसळत नाही, कारण चहा सांडेल याची त्याला काळजी असते. ऑर्मरॉडने या पद्धतीने बऱ्याच जणींना नवरा गेल्याचं सांगितलं होतं, एकदोघांना बायको गेल्याचं. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे रस्त्यात थांबवून त्याचे आभार मानले होते. या सगळ्या बातम्या मेलेल्या माणसांच्या होत्या आणि मेलेल्या माणसाला घाई नसते, ही गोष्ट इतकी उघड होती की तिचा विचार कुणी केलाच नव्हता.

त्या सोमवारी सकाळी फोन आला तो डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलमधून. दगडाच्या खाणीत एक मोठी शिळा साखळीतून निसटली होती आणि क्लिफर्ड रॅम्सडेन तिच्याखाली सापडला होता. खाणीतल्या लोकांनी त्याला परस्पर तिकडे नेलं होतं. त्याची बहीण ब्रेंडा हॉस्पिटलच्याच गावात राहायची. तिला निरोप गेला होता आणि ती पोचलीही होती. आई मात्र इथं ब्रॅकनशॉमध्ये होती आणि तिच्याकडे फोन नव्हता.

"शुद्धीवर आहे म्हणतात," सार्जंट बूथने सांगितलं. "पण किती वेळ राहील ते सांगत नाहीत. आईला घेऊन या, लगेच, एवढंच. नोरा रॅम्सडेन. शाळेत जेवण वाढायची ती."

"ओळखतो," ऑर्मरॉड म्हणाला. गावात तिला न ओळखणारा शोधावा लागला असता.

"मग तूच जा. तू नीट सांगशील."

पाठवायला हवा होता तो लवकर सांगणारा माणूस, नीट सांगणारा नव्हे. पण असा विचार त्या वेळी सार्जंटच्या मनात आला नाही आणि ऑर्मरॉडच्याही नाही. त्याने गाडीच्या किल्ल्या घेतल्या आणि तो निघाला.

सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. नोरा रॅम्सडेन राहायची त्या घरांच्या मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि चादरींनी सगळी वाट अडवली होती. सोमवारी त्या गल्लीत गाडी घालायची हिंमत कोळसेवालाही करत नसे. ऑर्मरॉडने गाडी कोपऱ्यावर उभी केली आणि ओल्या चादरी हाताने बाजूला सारत तो चालत गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं. मिसेस रॅम्सडेन, क्लिफर्डला अपघात झालाय, माझ्याबरोबर चला. दारातच सांगून टाकायचं आणि निघायचं. इतकं सोपं होतं ते.

ती दारापुढे उशीचा अभ्रा दोरीवर घालत होती. साठी ओलांडलेली, अंगापिंडाने मजबूत बाई, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. गणवेश पाहिला, काढून हातात घेतलेली टोपी पाहिली. मग अभ्र्याच्या एका टोकाला चिमटा लावला, दुसऱ्या टोकाला लावला आणि तो नीट बसलाय ना हे ओढून बघितलं.

"पाय पूस," ती म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय."

"मिसेस रॅम्सडेन, मी जरा..."

"आधी पाय."

त्याने पाय पुसले. शाळेत याच बाईने याच आवाजात त्याला हात धुवायला परत पाठवलं होतं, एकदा नाही, कित्येकदा. तो आवाज ऐकला की ब्रॅकनशॉमधले बाप्ये अजूनही आपले तळहात बघायचे. पाय पुसून होईपर्यंत ती आत गेली होती, त्यामुळे त्यालाही आत जावं लागलं.

"बस," ती म्हणाली.

आणि ऑर्मरॉड बसला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, भिंतीला पाठ करून, टोपी गुडघ्यावर ठेवून. आजवर पुष्कळ घरांत तो असाच बसला होता. त्याच्या पायांनी त्याला काही विचारलं नाही.

तिने किटली नळाखाली धरली आणि काठोकाठ भरली. दोन माणसांच्या चहाला इतकं पाणी कुणी ठेवत नाही. ते उकळायला किती वेळ लागेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्याचा अर्थ लावायचं त्याला तेव्हा सुचलं नाही. तिने गॅस पेटवला, किटली चढवली आणि त्याच्याकडे पाठ करून कपाटातून कप काढायला लागली.

"ते वॉल्टर प्रॉक्टरच्या कबुतरांचं विचारायला आला असशील," ती म्हणाली. "तक्रार मी नाही केली, सांगून ठेवते. माझ्या चादरींवर घाण केली तरी मी कधी शब्दानं बोलले नाही. आयव्हीला बोलले, पण ती शेजारीण आहे, तिला बोलायचंच. पोलिसात जाणारी मी नव्हे."

"कबुतरांचं नाही. मिसेस रॅम्सडेन, क्लिफर्ड..."

"क्लिफर्डला कडक लागतो चहा. चमचा उभा राहील इतका. तुला कसा?"

"कसाही चालेल."

"कसाही म्हणजे काय? कसाही चहा मी करत नाही. दूध आधी की नंतर?"

"आधी," ऑर्मरॉड म्हणाला.

एरवी नोरा रॅम्सडेन मोजकं बोलणारी बाई होती. त्या सकाळी तिच्या तोंडाला खळ नव्हता. कबुतरं झाली, मग चॅपलच्या गळक्या छपराचं झालं, मग बटाटे कसे आतून काळे निघताहेत ते झालं. वाक्य संपतंय असं वाटून ऑर्मरॉड तोंड उघडायचा, की ती पुढचं सुरू करायची. उठून, आवाज चढवून सांगायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण समोरच्या बाईच्या हातात टीपॉट असताना आवाज चढवणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घातली. आता चहा नको म्हटलं तर ती घाबरेल, कारण चहा नको म्हणणारा माणूस एकतर भांडायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी भयंकर सांगायला. तेव्हा कप हातात घ्यावा, एक घोट घ्यावा आणि सांगावं. त्याला धीर होत नव्हता, एवढीच खरी गोष्ट होती.

पाणी एकदाचं उकळलं. तिने टीपॉट गरम पाण्याने विसळला, पत्ती टाकली, पाणी ओतलं, वर टिकोजीचं लोकरी टोपडं घातलं आणि चहा मुरायला ठेवला. तो मुरेपर्यंत कपाखालच्या बशा पुसल्या. त्या स्वच्छच होत्या. मग चहा ओतला, दूध आधी, आणि त्याने न सांगता तीन चमचे साखर घातली.

ऑर्मरॉडने घोट घेतला. चहा उत्तम झाला होता.

"मिसेस रॅम्सडेन," तो म्हणाला, "आपल्याला निघायला..."

"लहानपणी एकदा चॅपलच्या कुंपणाच्या गजांत डोकं अडकवून बसला होता," ती म्हणाली. "क्लिफर्ड. पाच-सहा वर्षांचा असेल. का घातलंस रे डोकं, तर म्हणे पलीकडून कसं दिसतं ते बघत होतो. त्याच्या बापानं, अल्बर्टनं, डोक्याला अर्धा शेर चरबी चोळली तेव्हा निघाला. आठवडाभर गावातली सगळी कुत्री त्याच्या मागे."

आणि ऑर्मरॉड हसला. बरं, बळंच हसला असंही नाही, त्याला खरंच हसू आलं. पुढे ही सकाळ त्याला आठवायची तेव्हा बाकीचं सगळं तो कसंबसं गिळायचा, पण तिथल्या खुर्चीत बसून आपण हसलो हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरायचं नाही.

त्याचा कप रिकामा झालेला पाहून तिने न विचारता पुन्हा भरला.

मागचं दार न वाजवता उघडलं आणि शेजारची आयव्ही प्रॉक्टर आत आली. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी दिसली की शेजारणीने यायचं असतं आणि रिकाम्या हाताने यायचं नसतं. आयव्हीच्या हातात पत्र्याचा डबा होता. राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी घेतलेला, झाकणावर राणीचं चित्र असलेला. त्यात ती चांगली बिस्किटं ठेवायची आणि तो डबा घराबाहेर निघायचा तो फक्त कुणाकडे मयत झाली तर.

"गाडी पाहिली गं," आयव्ही म्हणाली. "म्हटलं..."

नोरा रॅम्सडेन डब्याकडे बघत राहिली. तिने हातातला टीपॉट खाली ठेवला, टिकोजी सरळ केली आणि त्या सकाळी पहिल्यांदाच स्वतः खुर्चीत बसली.

"बरं," ती ऑर्मरॉडला म्हणाली. तिचा आवाज अगदी वेगळा होता. "सांग आता. खाणीतच झालं?"

"हो."

"लगेच गेला की हाल झाले त्याचे?"

ती काय विचारतेय हे ऑर्मरॉडच्या ध्यानात यायला क्षणभर लागला.

"गेला नाही," तो म्हणाला. "मिसेस रॅम्सडेन, तो जिवंत आहे. हॉस्पिटलमध्ये आहे. ब्रेंडा आहे त्याच्यापाशी. शुद्धीवर होता, मी निघालो तेव्हा. तुम्हाला लगेच घेऊन या म्हणून निरोप आहे."

आयव्हीने डबा छातीशी धरला. नोरा रॅम्सडेन त्याच्याकडे बघत होती.

"मग तू बसलास कशाला?" तिने विचारलं.

"तुम्ही बस म्हणालात म्हणून..."

"मी म्हणणारच! पोलीस माझ्या दारात, टोपी हातात, तोंड पडलेलं. मी बस म्हटलं आणि तू बसलास. अल्बर्ट गेला तेव्हा तुमच्यातला एकजण असाच बसला होता, याच खुर्चीत, असाच चहा घेत. तू बसलास तेव्हाच मी समजले, संपलं. जिवंत असता तर हा बसला नसता. आता कसली घाई? म्हटलं, याला बोलू देऊ नये. हा बोलेपर्यंत तरी पोर माझं आहे." तिने टेबलावर तळहात टेकले आणि ती उठली. "जिवंत आहे आणि तू दुसरा कप घेतलास?"

ऑर्मरॉडने कप टेबलावर ठेवला.

"नोरा, तू नीघ," आयव्ही म्हणाली. "गॅस मी बघते. धुणंही काढते मी. नीघ तू."

गल्लीतून ती धावत गेली. चादरी बाजूला सारायला ती थांबली नाही, एक तिच्या तोंडावर गुंडाळली गेली तेव्हा तिने ती दोरीसकट खाली ओढली आणि तशीच पुढे गेली. कमरेला एप्रन, बाह्या वर सारलेल्या, अंगात कोट नाही. ऑर्मरॉड मागून पळत होता आणि गाडीचं दार उघडायलाही तिच्या आधी पोचू शकला नाही.

डोंगरावरचा रस्ता वळणावळणाचा आहे. एरवी संथ चालवणारा ऑर्मरॉड त्या दिवशी जीव तोडून गाडी चालवत होता. वरच्या पठारावर आल्यावर, दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि दगडी कुंपणं दिसायला लागल्यावर ती बोलली.

"शाळेत कस्टर्ड उरायचं तेव्हा बाकीची पोरं ओरडायची, मला, मला. तू कधी मागितलं नाहीस. ताटली घेऊन उभा राहायचास आणि माझ्या तोंडाकडे बघायचास. मला वाटायचं, काय गुणी पोरगं आहे." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती तुला. तोंड उघडायला शिकला असतास."

"चुकलं माझं," ऑर्मरॉड म्हणाला.

"जोरात चालव," ती म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये वॉर्डच्या दाराशी सिस्टर उभी होती. तिने नोरा रॅम्सडेनला वॉर्डमध्ये नेलं नाही. शेजारच्या छोट्या खोलीचं दार उघडलं. आत दोन खुर्च्या होत्या, एक खिडकी होती आणि मधल्या टेबलावर ट्रे मांडलेला होता. टीपॉट, दुधाचं भांडं, साखर, आणि बशांसकट चांगले कप. वॉर्डातल्या पेशंटांना जाडे पांढरे मग मिळतात. बशा कधी निघतात हे त्या भागात राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. नोरा रॅम्सडेनने ट्रे पाहिला आणि ती दारातच थांबली.

"ते आधी उचला इथनं," ती सिस्टरला म्हणाली.

सिस्टरने ट्रे उचलला. आपण असा ट्रे भरलेलाच परत नेतोय हे तिला चमत्कारिक वाटत असावं, पण ती चांगली बाई होती. ट्रे हातात घेऊनच तिने सांगितलं. आत्ताच गेला. अगदी आत्ता, तुम्ही डोंगरावर असाल तेव्हा. फार दुखत नव्हतं त्याला. शेवटपर्यंत बोलत होता.

"काय बोलत होता?"

"आई आली का, असं विचारत होता," सिस्टर म्हणाली. "आम्ही सांगितलं, निघालीय."

ऑर्मरॉड भिंतीशी उभा होता. त्याला खोलीबाहेर जायचं होतं, पण दारात नोरा रॅम्सडेन होती. त्याने आयुष्यात इतकी शरम कधी अनुभवली नव्हती. ती कुठं ठेवायची हे न कळून तो टोपीचा काठ बोटांनी फिरवत राहिला.

ब्रेंडा वॉर्डमधून आली. भावाहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आईसारखीच रुंद खांद्यांची. डोळे सुजलेले. तिने आईला मिठी मारली नाही, त्यांच्या घरात ती रीत नव्हती. ती फक्त समोर येऊन उभी राहिली.

"कुठं होतीस गं आई?" ती म्हणाली. "केव्हाचा निरोप गेलाय. तो सारखा दाराकडे बघत होता. मी त्याला सांगत होते, येईल, येईल, रस्त्यात असेल. कुठं होतीस तू?"

ऑर्मरॉडने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वेळेवर बोलायचं होतं आणि शब्दही तयार होते.

"मिस रॅम्सडेन, खरं म्हणजे मी..."

"मी चॅपलमध्ये गेले होते," नोरा रॅम्सडेन म्हणाली. "फुलदाण्या धुवायला. घरात कुणी नाही, याला काय स्वप्न पडणार? सगळं गाव पालथं घातलं बिचाऱ्यानं."

"मिसेस रॅम्सडेन..."

"तू गप्प बस," ती म्हणाली. हात धुवायला परत पाठवायचा तोच आवाज होता.

ब्रेंडा ऑर्मरॉडकडे वळली. "तुम्ही फार धावपळ केलीत," ती म्हणाली. "आभारी आहे मी." आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तिने त्याच्या थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती आईला घेऊन वॉर्डमध्ये गेली, पडद्याआड. पडदा ओढायच्या आधी नोरा रॅम्सडेनने बाह्या खाली घेतल्या, मनगटाशी बटणं लावली आणि केसांवरून हात फिरवला.

तिने ते खोटं त्याला वाचवायला सांगितलं, की स्वतःला, की ब्रेंडाला, हे ऑर्मरॉडला कधी कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. आयव्ही प्रॉक्टरला सगळं ठाऊक होतं. तिने ते नवऱ्याला, वॉल्टरलाही सांगितलं नाही, आणि आयव्हीच्या बाबतीत हे फारच झालं.

ऑर्मरॉड मात्र बदलला. वाईट बातमी अजूनही त्याच्याच वाट्याला यायची, कारण दुसरं कुणी नव्हतं. पण तो आता टोपी काढत नसे. उंबरठा ओलांडत नसे. दार उघडलं की तिथंच, दोन वाक्यांत. माणूस गेला असेल तर गेला. जिवंत असेल तर आधी 'जिवंत आहे' हे दोन शब्द, आणि पुढचं गाडीत. आत या म्हटलं तर नाही. चहा घ्या म्हटलं तर नाही. एका म्हातारीचा नवरा खरोखरच गेला होता, कसलीही घाई नव्हती, तरी तो तिच्या दारात पावसात उभा राहिला आणि आत गेला नाही. ती एकटीच किटली ठेवायला गेली.

गावाला हे रुचलं नाही. चौकीत तक्रारी यायला लागल्या.

"तुला झालंय काय?" सार्जंट बूथने विचारलं. "लोक म्हणतात, टेलिग्राम बरा. निदान त्याला तोंड नसतं."

"बसणं जमत नाही आता," ऑर्मरॉड म्हणाला. सार्जंटला याहून जास्त काही त्याच्याकडून काढता आलं नाही.

मग एका शनिवारी वॉल्टर प्रॉक्टर कबुतरांच्या खुराड्यापाशी छातीला हात लावून बसला तो उठेना. कबुतरांच्या शर्यतीतल्या मित्रांनी त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं. ऑर्मरॉड आयव्हीच्या दारात गेला. "वॉल्टर जिवंत आहे, हॉस्पिटलमध्ये आहे, गाडीत बसा," तो एका दमात म्हणाला. आयव्ही घाबरून म्हणाली, अरे देवा, आत तरी ये, मी जरा किटली, जरा माझे बूट. त्याने तिला दंडाला धरलं आणि घरातल्या सपातांवरच गाडीत नेऊन बसवलं. वॉल्टर संध्याकाळी गेला.

पुढच्या आठवड्यात खाटकाच्या दुकानात रांग होती आणि आयव्ही रांगेत होती. सुतकी काळा कोट घातलेला, पण जीभ जागेवर आली होती.

"सपाता!" ती सगळ्यांना सांगत होती. "लोकरीचे गोंडे लावलेल्या सपाता, आणि त्यांच्यावर मी हॉस्पिटलात! सगळा वॉर्ड माझ्या पायांकडे बघतोय. बूट घालू दे म्हटलं तर नाही. पाणी उकळलेलं होतं माझं, दोन घोट घशाखाली गेले असते तर धीर आला असता, तर नाही. दंडाला धरून, चोराला नेतात तसं नेलं. त्या माणसाच्या अंगात माणुसकी म्हणून उरली नाही."

रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. ऑर्मरॉड तेव्हा दुकानाच्या दारात उभा होता. सुट्टीचा दिवस होता, साध्या कपड्यांत होता, सॉसेजेस घ्यायला आला होता. एकदोघींनी त्याला पाहिलं आणि आयव्हीला डोळ्यांनी खुणावलं, पण आयव्हीची पाठ होती. त्याने परत फिरायचा विचार केला आणि ते जास्तच वाईट दिसेल म्हणून तो तसाच उभा राहिला.

आयव्हीच्या पुढे नोरा रॅम्सडेन होती. त्या सोमवारनंतर ऑर्मरॉडशी ती एक शब्द बोलली नव्हती, समोर आला तर मान हलवायची इतकंच. तिने खाटकाकडून पुडकं घेतलं, पिशवीत ठेवलं आणि आयव्हीकडे वळली.

"पोचलीस ना?" तिने विचारलं.

"काय?"

"वॉल्टर जिवंत असताना पोचलीस?"

आयव्हीचं तोंड उघडं राहिलं. मग तिने मान डोलावली.

"तुला ओळखलं त्यानं?"

"ओळखलं," आयव्ही म्हणाली. "हात धरून होता माझा. कबुतरांना दाणे घातलेस का म्हणून विचारलं."

खाटीक सुरी हातात धरून उभा होता.

"मग सपातांचं काय घेऊन बसलीस," नोरा रॅम्सडेन म्हणाली.